हरलेल्या भावाचे काय करायचे? राष्ट्रकूट वारशाचे एक प्रकरण (इ.स. ७९३ ते ८२१)

शके ७१६, वैशाख अमावास्या. सूर्यग्रहणाचे पर्व साधून, पैठणच्या मुक्कामी, नुकताच गादीवर आलेला एक राजा ब्राह्मणांना गाव दान देतो. ग्रहणाच्या गणितामुळे ही तारीख पक्की करता येते: ४ मे ७९४. राजा राष्ट्रकूट घराण्यातला तिसरा गोविंद. दानाचा मजकूर तांब्याच्या तीन पत्र्यांवर कोरला. असे पत्रे एका कडीत ओवतात आणि कडीच्या सांध्यावर राजमुद्रा बसवतात. अक्षरे एकमेकांवर घासून झिजू नयेत म्हणून पत्र्यांच्या कडा जरा उचललेल्या ठेवतात. पहिल्या पत्र्याची आणि शेवटच्या पत्र्याची बाहेरची बाजू कोरी सोडतात, कारण हाताळणीत आधी तीच खराब होणार. शेकडो वर्षे टिकायला हवे, या हिशेबाने केलेली ही वस्तू आहे.

या पत्र्यांवर वंशावळ आहे, बापाचे पराक्रम आहेत. थोरल्या भावाशी झालेल्या लढाईबद्दल मात्र एक शब्दही नाही. ती लढाई अजून व्हायची होती, असे अभ्यासक यावरून मानतात. म्हणजे गोदावरीच्या काठी हे दान होत असताना इथून कित्येक मजला दक्षिणेला, गंगवाडीत, म्हणजे आजच्या दक्षिण कर्नाटकात, गोविंदाचा थोरला भाऊ स्तंभ स्वतःचे सैन्य बाळगून बसलेला होता.

भाऊबंदकी हा शब्द आपल्याकडे नुसता उच्चारला तरी पुढचे सांगावे लागत नाही. बांधावरून, विहिरीच्या पाळीवरून, वाड्याच्या खणावरून ती पिढ्यान्‌पिढ्या चालते. इथे वाटणीला निघाले होते ते नर्मदेपासून कावेरीपर्यंतचे राज्य. मला या प्रकरणात सगळ्यात मोलाचा वाटतो तो लढाईनंतरचा निर्णय. लढाया त्या काळात सगळेच जिंकत किंवा हरत. हरलेल्या भावाचे पुढे काय करायचे, हे फार थोड्यांना नीट जमले.

पार्श्वभूमी

राष्ट्रकूट मुळात बदामीच्या चालुक्यांचे मांडलिक. दंतिदुर्गाने चालुक्य कीर्तिवर्म्याला हरवून दख्खनचे राज्य घेतले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या सामानगडाच्या ताम्रपटात, ७५४ च्या सुमारास, हा पराक्रम नोंदलेला आहे. दंतिदुर्गाला मुलगा नव्हता. त्याच्या मागून चुलता गादीवर आला. हाच पहिला कृष्ण, वेरूळच्या कैलास लेण्याचा कर्ता. पण त्याच्याबद्दलही नंतरचा एक ताम्रपट सांगतो की वाट सोडून गेलेल्या एका भाऊबंदाला त्याने उखडून टाकले. घराणे गादीवर येऊन काही वर्षेच झाली होती, आणि घरातली तंटाबखेडी तेव्हापासूनच होती.

कृष्णाला दोन मुलगे, गोविंद आणि ध्रुव. हा गोविंद दुसरा. पैठणला दान देणारा त्याचा पुतण्या. युवराज असताना हा दुसरा गोविंद काही दुबळा नव्हता. ७७० च्या आळास ताम्रपटात तो कृष्णा आणि मुसी यांच्या संगमावर तळ देऊन आहे आणि वेंगीचा, म्हणजे आंध्र किनाऱ्याकडचा, राजा त्याला शरण आलेला आहे. गादीवर बसल्यावर मात्र तो ऐषआरामात गुंतला आणि राज्यकारभार धाकट्या भावावर सोडला, असे नंतरचे ताम्रपट सांगतात. नाशिक-खानदेशाचा भाग ध्रुवाकडे होताच. ७७९ च्या धुळे ताम्रपटात ध्रुवाचा मुलगा कर्क अजून चुलत्यालाच सार्वभौम म्हणतो. वरकरणी सगळे ठीक होते.

मग गोविंदाने भावाच्या हातातला कारभार काढून घ्यायला सुरुवात केली आणि स्वतःच्या बाजूने उभे राहायला घराबाहेरच्या राजांना बोलावले: कांची, गंगवाडी, वेंगी, माळवा. ही सगळी घराण्याची जुनी वैरी मंडळी. ध्रुवाला हवे ते कारण मिळाले. कुळाच्या हातून राज्य जाऊ नये म्हणून शस्त्र उचलले, असे त्याच्या बाजूचा दौलताबाद ताम्रपट सांगतो. ७८० च्या सुमाराला तो जिंकला. थोरला गोविंद त्यानंतर राजा म्हणून दिसत नाही.

हे इतके सविस्तर सांगण्याचे कारण असे की पुढचा सगळा पेच इथे पेरला गेला. धाकट्याने थोरल्याला बाजूला सारून गादी घेतली, आणि 'लायकी असेल त्याने राज्य करावे' हे तिचे समर्थन ठरले. ते समर्थन एका पिढीपुरते ठेवता येत नाही. ध्रुवाची मुले ते ऐकतच मोठी झाली.

पेच

ध्रुवाची तेरा-चौदा वर्षांची कारकीर्द म्हणजे घोड्यावरचाच संसार. बाहेरून भावाला मदत करणाऱ्या एकेकाचा त्याने हिशेब चुकता केला. गंगवाडीवर राज्य करणाऱ्या गंग घराण्याचा राजा शिवमार कैद झाला आणि गंगवाडी राष्ट्रकूटांच्या ताब्यात आली. कांचीच्या पल्लवाकडून हत्ती घेतले. मग उत्तरेला उतरून गुर्जर-प्रतीहार वत्सराजाला मरुभूमीत पळवून लावले. वत्सराजाने गौडाच्या राजाकडून मिळवलेली दोन पांढरी छत्रे होती, ती ध्रुवाने हिसकावून घेतली. गंगा-यमुनेच्या दुआबात बंगालच्या धर्मपालालाही मार दिला, आणि राजचिन्हांत गंगा-यमुनेची भर पडली.

या मोहिमांना माणसे लागतात, आणि राजा विश्वासाची माणसे आधी घरातच शोधतो. ध्रुवाला चार मुलगे: कर्क, स्तंभ, गोविंद आणि इंद्र. कर्क बापाआधीच गेला असावा. स्तंभाकडे गंगवाडी सोपवली. ताम्रपटांत त्याचे नाव कंभ असेही येते आणि बिरुद येते रणावलोक. नव्याने जिंकलेला, धुमसणारा, उत्तरेच्या मुलखापासून दूरचा प्रांत एका कर्त्या मुलाकडे द्यायचा आणि त्याने तो वर्षानुवर्षे सांभाळायचा, म्हणजे तिथले सैन्य, तिथले सरदार, शेजारचे राजे ही सगळी त्याची माणसे होणार. राज्याला बळकटी देणारी हीच सोय वारशाच्या वेळी सगळ्यात मोठा धोका ठरणार होती. ध्रुवाला ते कळत नव्हते असे मला वाटत नाही. तो स्वतः नाशिक-खानदेशातून असाच वर आला होता.

पहिला निर्णय: ध्रुवाचा

वय झाल्यावर ध्रुवाने गोविंदाला युवराज केले. हयात मुलांत स्तंभ थोरला होता. त्याला डावलले.

ध्रुवापुढे तीन वाटा होत्या. थोरल्याला गादी देणे ही सरळ वाट. रूढी त्याच्या बाजूने होती. पण घराण्याचा अलीकडचा अनुभव असा की थोरल्याने राज्य घालवायची वेळ आणली होती. दुसरी वाट म्हणजे काहीच न ठरवता डोळे मिटणे आणि मुलांना आपसांत निकाल लावू देणे. अनेक घराण्यांनी हेच केले. तिसरी वाट, लायक वाटेल त्याला जिवंतपणी पुढे आणणे. ध्रुवाने ही निवडली, आणि त्याच्याही पुढे जायची तयारी दाखवली.

राधनपूर आणि वणी-दिंडोरीच्या ताम्रपटांत (दोन्ही ८०८ च्या सुमाराचे) हा प्रसंग आलेला आहे. बाप सगळे राज्यच मुलाच्या हवाली करायला निघतो, आणि मुलगा म्हणतो, मला आपण दिलेली कंठिकाच पुरे आहे. कंठिका म्हणजे युवराजपदाची खूण म्हणून गळ्यात घालायचा अलंकार. दरबारी कवीने गोविंदाचा विनय दाखवायला हे लिहिले, हे उघड आहे. तरी त्यातली राजकीय गोष्ट लपत नाही. बापाला हयातीत राज्याभिषेक उरकायचा होता. आपण असताना मांडलिकांनी नव्या राजाला मुजरा केला, स्तंभालाही तो करावा लागला, तर प्रश्न तिथेच मिटेल, असा त्यामागचा विचार असणार. गोविंदाने नकार दिला.

मुलगा म्हणून तो नकार शोभून दिसतो. राज्याच्या दृष्टीने तो महागात पडला. ७९३ च्या दौलताबाद ताम्रपटाच्या वेळी ध्रुव जिवंत आहे, ७९४ च्या पैठण ताम्रपटात गोविंद राजा आहे. मधल्या वर्षभरात बाप गेला आणि थोरल्याच्या मनातली अढी उघड्यावर आली.

दुसरा निर्णय: शिवमाराची सुटका

गोविंदाने सुरुवातीच्या दिवसांत केलेली एक गोष्ट पुष्कळदा एका वाक्यात उरकली जाते. माझ्या मते तिथे थांबायला हवे. बापाने कैदेत टाकलेला गंग शिवमार याला त्याने सोडून दिले. ताम्रपट याला दया म्हणतात. दया असेलही. पण हिशेबही सरळ दिसतो. गंगवाडीत स्तंभ बसला आहे, आणि गंगवाडीचा मूळ धनी आपण मोकळा सोडतो आहोत. तो परत जाऊन आपले राज्य मागेल, म्हणजे स्तंभाच्या पायाखाली आग लागेल.

घडले उलटे. शिवमार स्तंभालाच जाऊन मिळाला. ज्याने त्याचे राज्य बळकावले होते त्याच्याशी त्याने हात मिळवले, कारण दोघांचा शत्रू एक होता. कैद्याला सोडताना तो कोणाचा द्वेष अधिक करतो, हे गोविंदाने चुकीचे जोखले. शिवमाराच्या लेखी गंगवाडीत बसलेला स्तंभ हा त्या घराण्याचा एक सुभेदार होता. वर्षानुवर्षांच्या कैदेचा राग होता तो गादीवर.

गोविंदापुढचे पर्याय

स्तंभाने बारा राजांची फळी उभी केली. या बारांची नावे ताम्रपट देत नाहीत, आकडा मात्र ठासून सांगतात. शेजारच्या दरबारांना राष्ट्रकूटांचे घर फुटलेले हवेच होते. पंधराएक वर्षांपूर्वी दुसऱ्या गोविंदासाठी कांची, वेंगी आणि माळवा धावून आले होते ते याच आशेने.

अशा वेळी गोविंदाला काय करता आले असते? राज्य दोघांत वाटून घेणे हा एक मार्ग: दक्षिण स्तंभाला, उत्तर आपल्याला. मराठी वाचकाला इथे १७३१ चा वारणेचा तह आठवेल. शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजीराजे यांनी नदीची हद्द धरून भाऊबंदकी मिटवली ती अशीच. पण शाहूंच्या हाताशी तेव्हा वरचढ फौज होती आणि तह वरच्या हाताने झाला होता. गोविंदाने लढाईआधी वाटणी केली असती, तर बारा राजांना एकच अर्थ कळला असता: हा घाबरला.

दुसरा मार्ग, आधी मांडलिकांना एकेक करून फोडायचे आणि मग भावावर जायचे. सावकाशीचा, कमी रक्ताचा. पण त्यात वेळ जातो, आणि नव्या राजाकडे वेळच नसतो. प्रत्येक महिन्याला आणखी एखादा काठावरचा सामंत पलीकडे सरकतो.

तिसरा, थेट चाल करून जायचे. गोविंदाने हा घेतला. जाण्याआधी मागची बाजू पक्की केली ती इंद्राच्या भरवशावर. हा सगळ्यात धाकटा भाऊ, त्याच्या निष्ठेबद्दल कुठे शंकेची जागा दिसत नाही. पुढे त्याला लाट, म्हणजे आजचा दक्षिण गुजरात, मिळाला. एका भावाशी लढायला निघालेल्याने दुसऱ्या भावाला घट्ट धरावे लागते, आणि हे गोविंदाने वेळेवर केले.

लढाई

लढाईचे वर्णन राधनपूर ताम्रपटात एका श्लोकात आटोपते. प्रलयकाळी उगवणाऱ्या बारा सूर्यांना संवर्तक अग्नी निस्तेज करतो, तसे याने एकट्याने बारा राजांना निस्तेज केले. उपमा कवीने बाराच्या आकड्यावरून जुळवली आहे. जागा कुठली, किती दिवस लागले, कोण पडले, यातले काही श्लोकात नाही. शिवमार पुन्हा पकडला गेला आणि पुन्हा बेड्यांत पडला. उपकार विसरला म्हणून भुवईची आठी दिसते न दिसते तोच त्याला बांधला, अशा अर्थाचे कवी लिहितो. स्तंभही हाती लागला.

तिसरा निर्णय: दोन कैदी

आता गोविंदासमोर दोन माणसे आहेत. दोघांनी त्याच्यावर शस्त्र धरले. एक परका, ज्याला एकदा क्षमा करून झाली आहे. दुसरा सख्खा थोरला भाऊ.

त्या काळातल्या पद्धती मवाळ नव्हत्या. जगभर पाहिले तरी हेच दिसते. याच सुमारास, ७९७ मध्ये, कॉन्स्टँटिनोपलमध्ये महाराणी आयरीनीने आपल्या पोटच्या मुलाचे, सहाव्या कॉन्स्टँटाइनचे, डोळे काढवले आणि स्वतः गादीवर बसली. फ्रँकांच्या राज्यात शार्लमेनने बंड करणाऱ्या आपल्या मुलाला, कुबड्या पिपिनला, ७९२ मध्ये मुंडन करून मठात धाडले होते, आणि लोकांना तीच मोठी दया वाटली. घरातला हरलेला दावेदार मारणे, आंधळा करणे, कोंडणे किंवा संन्यास देणे या चारांतले काहीतरी होणार, हे गृहीत धरलेले असे.

गोविंदाने स्तंभाला परत गंगवाडीच दिली. दुसरा कुठला कोपऱ्यातला, सैन्य नसलेला प्रांत दिला नाही. जिथून त्याने बंड केले तोच प्रांत, तेच सरदार, तोच कारभार.

हे वाचून पहिल्यांदा मला ते भाबडेपण वाटले होते. नंतर तपशील एकमेकांशेजारी ठेवत गेलो तसे मत बदलले. शिवमाराला बेडीत ठेवणे आणि स्तंभाला गंगवाडीत ठेवणे हे एकाच निर्णयाचे दोन भाग आहेत. गंगवाडीचा मूळ धनी कैदेत असेपर्यंत स्तंभाला तिथे स्वतःच्या बळावर उभे राहता येत नव्हते. त्या प्रांतात त्याचे नाते होते ते जिंकणाऱ्याचे. गंगांच्या जुन्या निष्ठा आतून धुमसतच होत्या, आणि त्या दाबून ठेवायला त्याला पाठीशी राष्ट्रकूटांची ताकद लागणार होती. पुन्हा बंड केले तर बारा राजे फिरून जमतील का, याचे उत्तरही एव्हाना मिळाले होते. शिवाय त्या प्रांतात मुरलेला दुसरा माणूस गोविंदाकडे नव्हता. नवा सुभेदार पाठवायचा तर गंगवाडी नव्याने जिंकण्यासारखेच झाले असते.

आणि भावाचे मनही जाणावे लागते. स्तंभाला डावलले होते ते त्याचा काही गुन्हा नसताना. रूढीने बघितले तर त्याची तक्रार रास्त होती. हरल्यावर प्रांतही काढून घेतला असता तर तक्रारीवर अपमान चढला असता. गोविंदाने गादी सोडून बाकी सगळे परत दिले. थोरलेपणाचा मान पुरता गेला नाही.

निर्णयाची परीक्षा

असा निर्णय बरोबर की चूक हे त्या दिवशी कळत नाही. राजा लांब गेल्यावर कळते.

गोविंद लांब गेला. ८०५ च्या नेसरी ताम्रपटाच्या आधीच त्याची उत्तरेची मोठी मोहीम होऊन गेली होती. प्रतीहार नागभट हरला. धर्मपाल आणि त्याने कनोजला बसवलेला चक्रायुध हे दोघे आपण होऊन शरण आले. संजाण ताम्रपट तर त्याचे घोडे हिमालयाच्या झऱ्यांचे पाणी प्याले असे सांगतो. कवीचा हात सैल असेल, पण राजा आणि मुख्य फौज नर्मदेपलीकडे बराच काळ होती हे नक्की. परततानाचा पावसाळा त्याने विंध्याच्या पायथ्याशी श्रीभवन येथे काढला आणि तिथेच त्याला मुलगा झाला. हाच पुढचा अमोघवर्ष. इतका काळ गंगवाडी स्तंभाच्या हाती, राजा शेकडो कोस दूर. बंडाला याहून सोयीची वेळ आली नसती. स्तंभ हलला नाही.

८०२ मध्ये मान्यपुराच्या जैन वसदीला, म्हणजे मंदिराला, दिलेला एक ताम्रपट आहे. मान्यपूर म्हणजे आजचे मण्णे, बंगळूर ग्रामीण जिल्ह्यातले. दान देणारा रणावलोक कंभराज, म्हणजे स्तंभ. त्यात सार्वभौम म्हणून प्रभूतवर्षाचे, म्हणजे गोविंदाचे, नाव आहे आणि दान त्याच्या संमतीने दिलेले आहे. थोरल्या भावाच्या बाजूने आपल्यापर्यंत जे थोडे आले आहे त्यात हा मजकूर येतो. बाकी सारी कथा गोविंदाच्या कवींनी सांगितलेली. स्तंभाच्या लेखनिकाने धाकट्या भावाची बिरुदे एकेक करून कोरली, आणि स्तंभाने ती कोरू दिली.

नंतर दक्षिणेत पुन्हा फळी जमली. केरळ, पांड्य, चोळ, पल्लव. गंगांपैकी जे बिथरले ते बेड्यांत पडून मेले, असे संजाण ताम्रपट म्हणतो. म्हणजे स्तंभाच्या अंगणातच दुसऱ्यांदा आग लागली होती. त्या आगीत स्तंभाचे नाव नाही. ८०७ मध्ये तो कावेरीकाठच्या तळकाडहून, मुलगा शंकरगणाच्या विनंतीवरून, एका जैन आचार्यांना गाव देताना दिसतो. त्या दिवशीही तो राष्ट्रकूटांचा सुभेदारच होता.

हीच पद्धत गोविंदाने मुलासाठी चालवली. ८१४ मध्ये तो गेला तेव्हा अमोघवर्ष अजून वयात आलेला नव्हता. लाटात इंद्राच्या जागी त्याचा मुलगा कर्क होता. ८१२ च्या बडोदे ताम्रपटात या कर्काला गुर्जरांच्या वाटेवरचा अडसर म्हटले आहे. दाराला आतून लावतो तो अडसर. आता तो घराच्या दारालाच लावायची वेळ आली. सामंत उठले, काही भाऊबंदही उठले, आणि काही काळ अमोघवर्षाच्या हातून गादी गेली. हे ८१६ नंतर केव्हातरी घडले. ८२१ च्या सुरत ताम्रपटापर्यंत कर्काने चुलतभावाला परत गादीवर बसवले होते. कर्काला स्वतःच बसता आले असते. आजोबा ध्रुवाचे उदाहरण समोर होते. त्याने ते केले नाही. अमोघवर्षाने पुढे जवळपास चौसष्ट वर्षे राज्य केले.

वेगळे काय करता आले असते

ध्रुवाने स्तंभाला डावलायचे ठरवले तेव्हाच त्याची गंगवाडीतून बदली करायला हवी होती, असे सुचते. मला ते पटत नाही. बदली म्हणजे उघड अविश्वास, आणि बंड बापाच्या हयातीतच झाले असते. त्याऐवजी, आपण असतानाच, थोरल्यासमोर, लेखी, साक्षीदारांनिशी ठरवून द्यायला हवे होते की गादी गोविंदाची आणि गंगवाडी कायम स्तंभाची. शेवटी झाले तेच. बापाने केले असते तर बारा राजे मधे आले नसते.

गोविंदाने बापाचा अभिषेक स्वीकारायला हवा होता, हे माझे पक्के मत आहे. कंठिकेचा श्लोक सुंदर आहे, पण त्या विनयाची किंमत एका युद्धाने चुकवावी लागली.

शिवमाराला सोडायचे होते तर भावाशी निकाल लागल्यावर सोडायला हवे होते. जिंकलेल्या राजाने दाखवलेली दया आणि अडचणीतल्या राजाने दाखवलेली दया समोरच्याला एकसारखी दिसत नाही.

आणि एक गोष्ट गोविंदाला जमली नाही, किंवा त्याच्या हयातीत सुचली नाही. त्याची सगळी व्यवस्था ओळखीच्या माणसांवर उभी होती. इंद्राने त्याच्यासोबत दिवस काढले होते, कर्काने चुलत्याला राज्य करताना पाहिले होते. लाटाची शाखा आणि मूळ गादी यांचे नाते काय, कर किती, फौज कधी पाठवायची, पुढच्या पिढीत प्रांत कोणाकडे, हे त्या दोन माणसांच्या डोळ्यांतल्या ओळखीवर चालले होते. कर्कानंतर त्याचा मुलगा ध्रुव आला आणि ती ओळख संपली. ज्या शाखेने अमोघवर्षाला गादी परत मिळवून दिली, त्याच शाखेशी त्याला वर्षानुवर्षे लढावे लागले. लाटाचा हा ध्रुव वल्लभाच्या, म्हणजे अमोघवर्षाच्या, फौजेशी लढताना अंगभर जखमा होऊन पडला, असे त्याच्या नातवाचा ८६७ चा ताम्रपट सांगतो. गंगांशी मात्र अमोघवर्षाने शेवटी सोयरीक केली आणि मुलगी गंगांच्या घरात, युवराज बूतुगाला दिली.